बाटली नको, माणूस आणा

पट्टी लघवीत बुडवून बाहेर काढली की डॉक्टर देसलेबाई डावा हात वर करायच्या. त्या हाताचा अर्थ एकच, आता कुणी बोलायचं नाही. समोर सरपंच असो नाहीतर रडणारं पोर, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन फेरे मारीपर्यंत दवाखाना चिडीचूप. वीतभराहून लहान अशी ती पट्टी, तिच्यावर रांगेनं दहा चौकोन चिकटवलेले. पट्ट्यांच्या डबीवर त्याच चौकोनांचे रंग पायरीपायरीनं छापलेले. बाई पट्टी डबीला लावून आडवी धरायच्या आणि ज्या चौकोनाची वेळ होईल तो तेवढा वाचायच्या. साखरेचा आधी, प्रथिनाचा नंतर, पुवाचा सगळ्यात शेवटी. दोन मिनिटं झाली की पट्टी कचऱ्यात. कुणी म्हणालं, "बाई, टाकू नका, अजून रंग चढतोय," तर म्हणायच्या, "चढू दे. शिळ्या कढीला ऊत आला म्हणून ती ताजी होत नाय."

आता त्या गेल्या. मेल्या नाहीत, शहापूर तालुक्यात गेल्या, किन्हवलीच्या पुढं त्यांचं माहेर आहे तिथं. पण गेल्यापासून आमच्या टोकावडे भागात लोक त्यांच्याबद्दल असं बोलतात की जणू देव्हाऱ्यातली मूर्ती उठून गेली. किती गोड, किती शांत, किती मायाळू! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गोड? सहा वर्षांत त्या बाईनं मला जेवढं सुनावलं तेवढं माझ्या बापानंही सुनावलं नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीच्या परीक्षेला गुरांमागं गेलो ते परत वर्गात गेलो नाही. पण डोळे शाबूत आहेत, आठवण शाबूत आहे, आणि खोटं कौतुक मला खपत नाही. म्हणून बाई कशी होती ते मीच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी आमची रीत सांगतो, नाहीतर भांडण कशाचं ते कळायचं नाही. आमचा पाडा डोंगराच्या अंगाला. खाली सडकेपर्यंत तासाची उतरण, तिथून जीप. आजारी माणूस खाली न्यायचा म्हणजे चार माणसांचा दिवस मोडतो. म्हणून आमच्यात ठरूनच गेलं होतं, माणूस घरी राहील आणि त्याच्या लघवीची बाटली खाली जाईल. बाजाराला जो निघेल त्यानं ती न्यायची. आणि दर बाजाराला निघणारा माणूस मी.

कापडी पिशवीत बाटल्या उभ्या ठेवायच्या, मधे पेंढा कोंबायचा. नावं लिहायची गरज नव्हती. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिंधी किंवा दोरा. पिवळी चिंधी ठमाबाईची, काळा दोरा गोमाचा, सुतळी असली की ती शेवटच्या घरची. इतकी वर्षं नेल्या, पण एक बाटली इकडची तिकडं झाली नाही. जीपमधली माणसं नाक मुरडायची. मी म्हणायचो, "तुमी काय पोटात अत्तर भरून निघालाय?" आधी जो डॉक्टर होता तो निमूट बाटल्या घ्यायचा, पट्ट्या बुडवायचा, पुड्या बांधून द्यायचा. संध्याकाळी मी घरोघरी पुड्या वाटायचो. बायका म्हणायच्या, गोविंदबाबा म्हणजे अर्धे डॉक्टर. मला ते आवडायचं. का लपवू?

अशात देसलेबाई आल्या. सडकेला लागून एका गाळ्यात दवाखाना मांडला. पन्नाशीची बाई, ठेंगणी, केस कानापाशी पांढरे, पायात साध्या रबरी चपला. मी पहिल्याच बाजाराला पिशवी घेऊन गेलो आणि टेबलावर पाच बाटल्या ओळीनं मांडल्या.

"हे काय?"

"लघव्या."

"ते दिसतंय. माणसं कुठं हायत?"

"माणसं घरी."

"मग औषध कुणाला देऊ? बाटलीला?"

बाकावरची माणसं हसली. मला ते लागलं. मी म्हटलं, "बाई, तुमी नवीन हाय. आमचा पाडा वर हाय. तास लागतो उतरायला."

"मला नका सांगू. मी पण डोंगरातलीच हाय. आमच्या गावातनं पण अशाच बाटल्या जायच्या, आणि माणसं घरी मरायची." असं म्हणून पाचही बाटल्या माझ्याकडं सरकवल्या. "बाटली नको, माणूस आणा."

मी पिशवी उचलली आणि सांगून आलो की या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. पुढच्या बाजाराला गेलो तेव्हा दवाखान्याला कुलूप. चौकशी केली तर बाई आमच्याच पाड्यावर गेलेल्या! मी खाली, त्या वर. घरी येऊन बघतो तर आमच्या ओट्यावर बसून माझ्या बायकोच्या हातचा कोरा चहा पितायत आणि अंगणात पाड्यातल्या साऱ्या बायकांची रांग लागलेली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "या बाबा. खरंच तासच लागतो."

त्या दिवशी तडजोड झाली. महिन्यातून एकदा बाई वर येणार. मधल्या दिवसांत फारच अडलं तर बाटली चालेल, पण तीन अटींवर. बाटली उकळत्या पाण्यानं धुतलेली हवी, लघवी नुकतीच धरलेली हवी, आणि बाई विचारतील त्याची उत्तरं मी द्यायची. ही तिसरी अट म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. बाईंचे प्रश्न काय विचारता! जळजळ होते का? थंडी वाजून ताप येतो का? कंबरेत दुखतं का? रात्री किती वेळा उठते? मी वैतागून म्हणायचो, "मी काय त्यांच्या मागं न्हाणीत जातो?" तर म्हणायच्या, "मग निरोप्या कशाला झालात? निरोप तर अर्धाच आणता."

एकदा शेवटच्या घरच्या भिमाबाईची बाटली नेली. बाईंनी पट्टी बुडवली, हात वर केला, अर्ध्या मिनिटात साखरेचा चौकोन तपकिरी झाला. मी तो रंग ओळखत होतो. म्हटलं, "गेली बिचारी. साखर झाली."

बाईंनी विचारलं, "लय तहान लागते तिला? बारीक झाली? सारखी उठते?"

"बारीक? दोन माणसांचं काम करते ती."

 मग बाई बाटली खिडकीत ठेवून दुसऱ्या पेशंटकडं वळल्या. थोड्या वेळानं मला हाक मारली. बाटलीच्या तोंडाशी मुंगळ्यांची रांग लागली होती.

"बाबा, या बाटलीत आधी काय होतं?"

मला काय ठाऊक? घरी जाऊन विचारलं तर भिमाबाई म्हणाली, "मध हुता. बाटली चांगली हाय म्हणून विसळून दिली." आमच्यात जंगलातला मध बाटल्यांत भरून ठेवतात. तळाला चिकटलेला तो एकदा विसळून जात नाही. महिन्याच्या फेरीत बाईंनी भिमाबाईला समोरच्या न्हाणीत पाठवलं, स्वतःच्या भांड्यात लघवी घेतली, पट्टी बुडवली. साखरेच्या चौकोनाचा रंग जराही हलला नाही. बाई साऱ्यांसमोर म्हणाल्या, "हिला साखर नाय झाली. बाटलीला झाली होती." पाडा हसला. भिमाबाई सगळ्यात जास्त हसली. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या वर्षांत मी किती मधाच्या बाटल्या खाली नेल्या असतील आणि किती जणांना पुड्या आणून दिल्या असतील, हा विचार डोक्यात आला आणि मी तो लगेच हाकलून दिला. बाईंना काही बोललो नाही. त्यांना आणखी एक काठी कशाला द्या हातात?

पण बाईंचं मला सगळ्यात खटकायचं ते हे, की त्यांचा एक नियम नव्हता. एकदा त्या म्हणायच्या पट्टीवर जाऊ नका, आणि दुसऱ्यांदा त्याच पट्टीसाठी आभाळ डोक्यावर घ्यायच्या. ठमाबाईच्या सुनेला आठवा महिना होता. तिची बाटली नेली. प्रथिनाचा चौकोन पिवळ्याचा हिरवट झाला, तोही फार गडद नाही. याच्याहून गडद हिरवा मी एका गड्याचा पाहिला होता आणि तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, उन्हातनं आलाय, पाणी प्यायला नाय, उद्या पुन्हा बघू. म्हणून मी निवांत होतो.

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय. जरा डोकं दुखतंय म्हणत होती. पायात जोडवी शिरत नायत."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. बाकावरच्या माणसांना म्हणाल्या, "आज दवाखाना बंद." माझ्या दंडाला धरून जीपमध्ये घातलं आणि दुपारच्या उन्हात तो चढ माझ्यापुढं चढल्या. पोरीचा रक्तदाब मोजला, तो भलताच चढलेला, आणि तिथूनच फोन लावायला टेकडावर धावल्या, कारण पाड्यात फोन लागत नाही. पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं, चार दिवसांनी बाळंत झाली, दोघं सुखरूप आली. पण मी विचारलं तेव्हा बाई काय म्हणाल्या? "बाबा, पट्टी म्हणजे गावातली चुगलखोर बाई. ती बोलते ते सगळंच खोटं नसतं. पण तिच्या एकटीच्या बोलण्यावर भांडण काढायचं नसतं, आणि दुसऱ्या दोघांनी तेच सांगितलं तर मग घरी बसायचं नसतं." मी म्हटलं, बाई, सरळ सांगा ना, हिरवा म्हणजे काय? तर म्हणाल्या, "हिरवा म्हणजे हिरवा. बाकीचं माणसाला विचारायचं." 

अशी पाच वर्षं काढली. पाचव्या वर्षी, भात झोडून झाल्यावर, माझ्या घरात ते झालं.

माझी बायको यमुना. आमच्या लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. ती बोलायला फटकळ, हिशोबाला पक्की, साऱ्या पाड्याच्या नात्यागोत्यांची वही तिच्या डोक्यात. ती एके दिवशी कालवणात दुसऱ्यांदा मीठ घालून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात जाऊन चूल पेटवायला बसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, आईला सांगा मी उद्या येते. तिची आई मरून किती काळ लोटला. दिवसा झोपायला लागली, लुगडं ओलं व्हायला लागलं, आणि लघवीला वास यायला लागला.

मला कारण माहीत होतं. दोन वर्षांमागं तिला असाच ताप आला होता, लघवीला आग होत होती, बरळली होती. तेव्हा पट्टीवर रंग आला होता आणि बाईंच्याच गोळ्यांनी ती बरी झाली होती. म्हणजे लघवीची गरमी पुन्हा डोक्यात चढली, झालं. मी पहाटे तिची बाटली भरून घेतली, उकळलेल्या पाण्यानं धुतलेली बाटली, मधाची नव्हे. बाजारातली कामं उरकली आणि अकराच्या सुमाराला दवाखान्यात पोचलो.

हात वर झाला, दोन मिनिटं गेली. जंतूंचा चौकोन गुलाबी, पुवाचा जांभळा. मी टेबलावर थाप मारली. "बघा! मी म्हटलं नव्हतं? द्या गोळ्या."

"आग होते लघवीला?"

"तसं काय बोलली नाय."

"ताप?"

"नाय."

"बाटली कधी भरली?"

"पहाटे."

बाईंनी घड्याळ बघितलं. "मग ही तुमच्या पिशवीची तपासणी झाली, यमुनाबाईची नाय. पाच तास उबेला ठेवलं तर माझ्या लघवीनं पण पट्टी गुलाबी होईल."

"आणि जांभळा?"

"या वयाच्या बायकांच्या लघवीत जंतू सापडतात, बाबा. घरात पाली असतात तसे. पाल दिसली म्हणून कुणी घर पेटवत नाय. ती बरळते ती पालीमुळं नाय. दुसरं काय तरी हाय. तिला घेऊन या."

"दोन वर्षांमागं हेच रंग आले तर गोळ्या दिल्या होत्या तुमीच!"

"तेव्हा ताप होता. आग होती. माणूस समोर होता."

"माझी बायको मी ओळखतो का तुमी?"

"तुमीच. म्हणून तर विचारते, आणि तुमी बाटली दाखवता."

मी उठलो.  सडकेनं पुढं गेलो आणि दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या एका डॉक्टरपुढं तीच बाटली ठेवली. त्यानं पट्टी बुडवली, एका श्वासात वाचली आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. हात वर नाही, प्रश्न नाही. याला म्हणतात डॉक्टर, असं मनात म्हणत घरी आलो.

दोन दिवसांत यमुना खरंच सुधारली. चहा केला, साखर बरोबर घातली, मला नावानिशी दोन शिव्या दिल्या. मी मुद्दाम खाली उतरलो आणि देसलेबाईंच्या दारात उभं राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बरी झाली आमची. गोळ्यांनी." मला वाटलं बाई ओशाळतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं. तरी घेऊन या." ना राग, ना लाज. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पाचव्या दिवशी यमुनाच्या डाव्या पायातली चप्पल अंगणात राहिली आणि ती तशीच घरात आली. चप्पल निसटली हे तिला कळलंच नाही. पाय ओढत होती. हातातलं भांडं पडायचं. मी म्हटलं, गोळ्या कडक होत्या, अशक्तपणा आला. तसं मी स्वतःला तीन दिवस सांगत राहिलो. खाली जायला हवं हे मला कळत होतं. पण त्या दारात उभं राहून मी जे ओरडून आलो होतो, ते तोंड घेऊन कसा जाऊ?

चप्पल राहिली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. यमुना भिंतीला धरून बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बसा पाव्हणं. हे शेतावर गेलेत. येतील इतक्यात."

पन्नास वर्षांत त्या बाईनं माझ्यासमोर कधी पदर घेतला नव्हता. मी उठलो आणि शेजारच्यांना हाका मारल्या.

चौघांनी डोली केली. बांबूला गोधडी बांधली आणि तिला उतरवली. पण मी कसा माणूस बघा, तशा घाईतही मी तिची बाटली भरून घेतली होती. या खेपेला ताजी. दवाखान्यात शिरल्याबरोबर मी ती टेबलावर ठेवली. "ही घ्या. आता तरी घाला पट्टी."

बाईंनी बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि पुन्हा तिच्याकडं बघितलंही नाही. यमुनासमोर स्टुलावर बसल्या. "यमुनाबाई, डोळे मिटा. दोन्ही हात असे पुढं धरा. भाकरी वाढतेय समजा." यमुनानं हात धरले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू, कुणी वरून दाबावं तसा खाली गेला. तिला ते ठाऊकच नव्हतं. डोळे मिटून ती दोन्ही हातांनी वाढत होती.

बाई माझ्याकडं वळल्या. "पडली होती?"

मी म्हटलं, "नाय."

खोटं बोललो. तीन-चार आठवड्यांमागं ती पडली होती. भात झोडून झालं होतं, पेंढा रचायचा होता, मजूर आले नव्हते. मी म्हटलं, तू वर चढ, मी खालून भारे देतो. ती म्हणाली, माझे पाय लटपटतात. मी म्हटलं, तुझे पाय लटपटतात आणि तोंड बरं चालतं. ती चढली. रचलेल्या पेंढ्याच्या उडवीवरून घसरली आणि खळ्याच्या खांबाला डोकं आपटलं. टेंगूळ आलं, जरा कातडी फुटली, हळद लावली, दोन दिवसांनी उतरलं. मी कुणालाच सांगितलं नाही. मुलगा विलास मुरबाडला कारखान्यात आहे, त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, या वयात आईला उडवीवर चढवलीत? म्हणून नाही सांगितलं.

बाई उठल्या. यमुनाच्या केसांत बोटं घालून इंचाइंचानं डोकं चाचपलं. कानाच्या वर एका जागी बोटं थांबली. खपली धरून सुटलेला व्रण असावा. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"बाबा, मी पट्टीला विचारत नाय. तुमाला विचारते."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मी काय बोललो तेही. डोलीवाले चौघं बाहेर विडी ओढत होते. आत आम्ही तिघंच, आणि त्यातली एक ऐकूनही न ऐकल्यासारखी. बाईंनी एक शब्द दोष दिला नाही. फोन लावला, गाडी बोलावली, चिठ्ठी लिहिली. लिहिताना एवढंच म्हणाल्या, "डोक्यात आतून रक्त झिरपलंय. थेंब थेंब, इतके दिवस. जागा कमी पडली की माणूस असं करतो, मधेच दोन दिवस बरा पण दिसतो. आज मोठ्या दवाखान्यात पोचली तर निघेल."

"आणि नाय पोचली तर?"

"पोचेल. गाडीत तिच्याशी बोलत राहा. भांडा, पण झोपू देऊ नका."

भांडायला मला शिकवायची गरज नव्हती. वाटभर मी तिच्याशी भांडलो, ती मला पाव्हणं म्हणत राहिली, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही आता मला ओळखल्याशिवायच जाणार.

मोठ्या दवाखान्यात कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं. तिथला डॉक्टर म्हणाला काकवीसारखं होतं, काळं, पातळ. आणखी आठवडा गेला असता तर काही खरं नव्हतं. विलास आला. त्यानं विचारलं, हे झालं कसं? मी उत्तर न देता म्हणालो, "देसलेबाईंना विचार, त्यांनी चिठ्ठी लिहिलीय." आता बाई सांगतील आणि मी सुटेन असं मला वाटलं. शिव्या खायच्या तर एकदाच खाऊ. त्यानं फोन केला. बाई म्हणाल्या, "पेंढा रचताना घसरली." बस्स. कुणी चढवलं, कुणी लपवलं, एक अक्षर नाही. एरवी बाटलीत आधी काय होतं यावरून साऱ्या पाड्यासमोर माणसाचं हसं करणारी बाई, आणि बोलायचं तेव्हा गप्प! माझा संताप झाला. मी सुटलो नव्हतो, ते माझ्याच गळ्यात ठेवलं होतं.

यमुना घरी आली. चालायला लागली, आधी भिंत धरून, मग काठी घेऊन, मग नुसती. डाव्या हातात अजून जोर कमी आहे. नावं कधीकधी शोधत बसते. पण मला ओळखते, पदर घेत नाही.

मी बाटल्या न्यायचं बंद केलं. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, मलाच नको वाटलं. आता कुणी बाटली घेऊन आलं की मी विचारतो, ताप आहे का, आग होते का, कुठं पडली का? माणसं चिडतात. परवा गोमा म्हणाला, "बाबा, नेता का नाय ते सांगा, उलटतपासणी कसली करता?" मी म्हटलं, चल, मी तुला धरून उतरवतो. नको म्हणाला. मग मी पण चार सुनावले.

वर्षभरानं बाईंनी दवाखाना आवरायला घेतला. वडील अंथरुणाला खिळलेत, बघायला दुसरं कुणी नाही, म्हणाल्या. मी निरोपाला गेलो नव्हतो. भांडायला गेलो होतो. खोकी बांधत होत्या. मी म्हटलं, "तुमी चालल्या. बरं. पण एक सांगा. विलासला खरं का नाय सांगितलं?"

खोक्याला दोरी आवळत म्हणाल्या, "मी कशाला सांगू? माझं काम रक्त निघेपर्यंत होतं, ते निघालं. बाकीचं सांगायला तुमाला तोंड हाय की."

"मी नसतं सांगितलं तर?"

"तर नाय. पण बाबा, तुमी वर्षभर हेच विचारायचं टाळत होता. आज आलात." आणि वर बघून हसल्या. "जा, टाइम घालवू नका. जीप जाईल."

जीपमध्ये बसलो आणि पाड्यावर येईपर्यंत मनातल्या मनात बाईंशी भांडत आलो. संध्याकाळी टेकडावर गेलो, विलासला फोन लावला आणि म्हटलं, सुट्टीला ये, बोलायचंय. रविवारी तो आला. तिघं ओट्यावर बसलो. मी सांगितलं की तुझी आई घसरली ती आपली आपली नाही, मी तिला उडवीवर चढवलं होतं, ती नको म्हणत होती, मी तिला बोललो, आणि मग तुझ्यापासून लपवलं. म्हणून तिला खाली न्यायला एवढा उशीर झाला.

विलास खाली मान घालून बसला.  बोलली ती यमुना, तांदळातले खडे वेचता वेचता, वर न बघता.

"तुमचं ऐकून कोण चढलं हुतं? तुमाला धड रचता येत नाय म्हणून चढले. दर साली तुमी रचलेली उडवी पावसात बसते."

मी म्हटलं, "माझी उडवी बसत नाय."

"दोन साल बसली. विचारा गोमाला."

विलास हसायला लागला. मी मात्र लगेच उठलो आणि गोमाला विचारायला गेलो.